खणाच्या आतले लाकूड

लाकडाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सागापाशीच थांबतात. वाड्यांचे खांब, देवळांचे सभामंडप, संसदेची नवी इमारत, सगळीकडे सागच दिसतो. टेबलाचा खण ओढला की आत जे लाकूड असते, त्याची नोंद मात्र सहसा कुणी करत नाही. ते स्वस्त असते, झाकलेले असते, आणि बहुतेक वेळा त्याचे नाव फक्त ते कापणाऱ्या सुतारालाच ठाऊक असते. विदर्भातल्या जंगलांचे आणि त्यांवरच्या कायद्यांचे गेल्या दीडशे वर्षांत काय झाले, हे या झाकलेल्या लाकडात जेवढे स्पष्ट दिसते तेवढे सागाच्या खांबात दिसत नाही.

बोरगाव मेघेचेच उदाहरण घ्यावे. वर्धा शहराला चिकटलेले हे गाव २०११च्या जनगणनेत शहर म्हणून गणले गेले, तरी त्याचा कारभार तेव्हा ग्रामपंचायतीकडेच होता. वर्ध्याभोवतीच्या अशा गावांत कापसाच्या शेतांचे ले-आउट झाले आणि ले-आउटवर घरे उभी राहिली. घराचा सांगाडा झाला की सुताराला बोलावणे जाते आणि मग खरा हिशेब सुरू होतो. समोरच्या दाराला साग हवा, यावर घरात एकमत असते. वाद होतो तो स्वयंपाकघरातल्या आणि कपाटातल्या खणांवर. पाच-सहा फळ्या जोडून एक खण होतो आणि एका घरात असे पंधरा-वीस खण सहज लागतात. ते सगळे सागाचे करायचे तर दाराइतकाच खर्च त्यांच्यावर होतो. मग प्रश्न उरतो तो एकच: आतल्या बाजूला स्वस्तातले कोणते लाकूड चालेल?

हा प्रश्न विदर्भातल्या सुतारापुढे फार जुन्या काळापासून नव्हता. जुन्या घरात खण फारसे नसतच. धान्य मातीच्या कोठीत, डाळी-मसाले मडक्यांच्या उतरंडीत, कपडे पेटीत नाहीतर पेटाऱ्यात, दिवा कोनाड्यात आणि किमती वस्तू भिंतीतल्या फडताळात. सावकाराच्या बैठकीत उतरत्या झाकणाचे मेज असे आणि दुकानात गल्ला असे, तेवढाच खणाशी जवळचा प्रकार. गावच्या सुताराचा, म्हणजे वऱ्हाडी बोलीतल्या वाढयाचा, बहुतेक वेळ वखर, डवरा, तिफण आणि बंडी यांत जाई. त्या कामाला बाभूळ, धावडा, तिवस अशी जड, चिवट लाकडे लागत. पातळ, हलक्या आणि सपाट फळीची गरज क्वचितच पडे.

खण आला तो कचेरीच्या टेबलाबरोबर. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६६च्या सुमारास पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. त्यानंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाट-वरोऱ्याकडे कोळशासाठी फाटा निघाला. तहसील, न्यायालय, टपाल, रेल्वे, शाळा, कापसाचे व्यापारी या सगळ्यांना कागद ठेवायला कुलूपबंद खण हवे होते. साग जवळच होता. वर्धा जिल्ह्यात बोरच्या जंगलात तो होताच, शिवाय दक्षिणेला चांद्याच्या जंगलातला, विशेषतः आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला होता. मध्य प्रांतातल्या सागाला लाकडाच्या बाजारात आजही ‘सीपी टीक’ म्हणतात. कोरड्या हवेत तो सावकाश वाढतो, म्हणून त्याचा पोत घट्ट आणि रेषा गडद येतात. ब्रह्मदेशातल्या सागाइतके लांब-जाड ओंडके मात्र त्याचे सहसा मिळत नाहीत.

सागाची मातब्बरी केवळ टिकाऊपणावर उभी नाही. खणाच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण वेगळा आहे: तो आपला आकार सोडत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. घेतले की फुगते, सोडले की आकसते, आणि तेही सगळ्या दिशांना सारखे नाही. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. रुंदीत पडतो, आणि त्यातही वार्षिक वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेने तो गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतो. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत पहिल्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आकसतो, दुसरीने अडीच टक्के. हे प्रमाण इतर अनेक झाडांहून कमी आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जूनच्या मध्यानंतर हवा एकदम ओली होते. मेमध्ये बेतशीर बसवलेला खण आषाढात ओढता ओढत नाही, त्याचे कारण हेच. खणाची सहा इंच उंच बाजू दोन मिलिमीटर फुगली तरी खण खाचेत रुततो. दाराची चौकट थोडी फुगली तर रंधा मारून भागते. खण फुगला तर त्यात ठेवलेली वस्तूच चार महिने हाताबाहेर जाते. म्हणून खणासाठी स्वस्त लाकूड निवडणे हे चौकटीसाठी निवडण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि सुतारांनी ते पिढ्यान्‌पिढ्या विचारपूर्वक केले आहे.

त्यांच्या हाताशी काय होते? पहिली शिवण. फिकट पिवळी, हलकी, रंध्याखाली लोण्यासारखी चालणारी, आणि आकार राखण्यात सागाच्या जवळ जाणारी. खणाच्या बाजूंसाठी आपल्याकडच्या झाडांत तिच्यासारखे दुसरे नाव घेणे कठीण आहे. दुसरा हळदू, नावाप्रमाणेच पिवळा आणि बारीक पोताचा. कंगवे, पट्ट्या, पेट्या आणि कातकाम यांसाठी प्रसिद्ध. तो उन्हापावसात टिकत नाही, पण घरात छान राहतो. तिसरा आंबा. तो मिळतो खूप, कापायला सोपा, पण पाडल्यावर लगेच चिरला नाही तर त्यात निळसर-काळे डाग पडतात आणि भुंगेरा शिरतो. चौथा कडुनिंब. त्याचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे रंधा उलटा लागला की पृष्ठभाग सोलवटतो. मात्र कडवटपणामुळे कीड दूर राहते, म्हणून कपड्यांच्या पेट्यांना जुन्या लोकांची पसंती त्याला असे. सालई आणि काटेसावर ही त्याहून हलकी लाकडे. ती खोक्यांच्या लायकीची मानली गेली.

यातले कोणते लाकूड स्वस्त ठरायचे हे झाडाच्या गुणांवर क्वचितच ठरले. ते ठरवले मालकी आणि कायद्याने. मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावच्या जमिनीबरोबर झाडांवरही मालगुजाराचा हक्क असे, आणि रयतेला घरगुती गरजेपुरते लाकूड, जळण, गवत घेण्याची जी मुभा होती तिला निस्तार म्हणत. निस्तारात साग सहज मिळत नसे. मिळत ती इतर लाकडे. गावातल्या सामान्य घरात सागाऐवजी आंबा, निंब, बाभूळ दिसतात त्यामागे आवडीनिवडीपेक्षा हे कारण मोठे आहे. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. कायदा येणार हे दिसू लागताच अनेक ठिकाणी मालकांनी आपल्या ताब्यातली जंगले तोडून घेतली, आणि सरकारच्या हाती आलेल्या या माजी मालगुजारी जंगलांपैकी बरीचशी उजाड झालेली होती. शिवण आणि हळदू जंगलात एकेकट्याने विखुरलेली झाडे आहेत, सागासारखी दाट रान करून राहत नाहीत. अशा तोडीत ती एकदा गेली की पुन्हा जागच्या जागी भरून येणे अवघड.

त्यानंतर महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आला. परवानगीशिवाय तोडता येणार नाहीत अशा झाडांची यादी त्याला जोडली होती. साग, आंबा, मोह, चिंच, बिजा, हळदू, ऐन, तिवस, जांभूळ त्या यादीत होते. कडुनिंब आणि बाभूळ नव्हते. शेतकऱ्याला बांधावरचा आंबा विकायचा तर अर्ज करावा लागे, निंबासाठी ती अडचण नव्हती. बाजारात ज्याच्यामागे कागद कमी, ते लाकूड स्वस्त पडते. आंब्याच्या झाडांचे त्यामुळे काही प्रमाणात रक्षण झाले, हे मान्य करायला हवे. पण खणाला उत्तम असलेला हळदू मात्र सुताराच्या हातून दूर गेला तो गेलाच.

वर्ध्यात या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहणारी माणसेही होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय जमनालाल बजाज यांच्या वर्ध्यातल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत आले. जे. सी. कुमारप्पा संघाचे मंत्री होते. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला गेले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथले घर स्थानिक सामानातून, स्थानिक हातांनी आणि शंभर रुपयांच्या आत व्हावे अशी त्यांची अट सांगितली जाते. माती, बांबू, शिंदी, कौले, थोडे लाकूड एवढ्यावर बापू कुटी उभी राहिली. तिच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली झाडे आजही पाहता येतात. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले आणि ग्रामोद्योगातली अवजारे व वस्तू तिथे मांडल्या गेल्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीम निघाली, आणि झाकिर हुसेन समितीने शाळेत शिकवायच्या मूळ उद्योगांत सूतकताई-विणकाम आणि शेतीबरोबर सुतारकामही धरले. हातात करवत-रंधा घेतलेले मूल झाडाचे नाव, त्याचा पोत, त्याचे फुगणे-आकसणे हे सगळे अभ्यासक्रम म्हणून शिकेल, असा तो विचार होता. तो देशभर रुजला नाही, ही शिक्षणाइतकीच सुतारकामाचीही हानी आहे.

कुमारप्पांचे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ १९४५ मध्ये आले. त्यात त्यांनी निसर्गाच्या देण्यांचे दोन भाग केले. कोळसा, तेल, धातू हा साठा. काढला की संपतो. लाकूड मात्र, दरवर्षी वाढते तेवढेच घेतले आणि पुन्हा लावले तर, न संपणारा प्रवाह. स्वस्त लाकडाची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण. जवळ वाढते, लवकर वाढते आणि तोडल्यावर पुन्हा वाढते ते खरे स्वस्त. बाजारभाव ही त्यापुढे तात्पुरती गोष्ट झाली.

त्याच काळात देहरादूनला दुसऱ्या वाटेने काम चालू होते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेने भारतीय लाकडे एकेक करून तपासली आणि तुलनेसाठी सागाला १०० गुण देऊन बाकीच्यांना त्या मापाने मोजले. वजन, तुळई म्हणून ताकद, आघात सोसणे, कठीणपणा असे रकाने त्या तक्त्यात आहेत आणि त्यातच ‘आकार टिकवणे’ हाही एक रकाना आहे. खण करणाऱ्याने तक्त्यात आधी हा रकाना पाहावा. ताकदीत सागाच्या पुढे असलेली कितीतरी लाकडे इथे मागे पडतात. ऐन आणि धावडा बंडीला उत्तम, खणाला त्रासदायक. जे लाकूड तुळईला कच्चे म्हणून टाकले जाते ते खणात शहाण्यासारखे वागू शकते, कारण खणाच्या बाजूला वजन ते किती पेलायचे असते?

स्वस्त लाकडाचा दुसरा शत्रू कीड. त्यावरचा जगप्रसिद्ध उपायही देहरादूनचाच. सोंटी कामेशम या भारतीय अभियंत्याने १९३०च्या दशकात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले, ते ‘अस्कू’ म्हणून ओळखले गेले. दाबाखाली लाकडात शिरवले की हलक्या प्रतीचे लाकूडही उघड्यावर वर्षानुवर्षे टिकू लागले, आणि पुढे अमेरिकेपर्यंत खांब आणि अंगणातल्या फळ्या त्याने रंगल्या. आर्सेनिकच्या धोक्यामुळे तिथे घरगुती वापर २००३ अखेर थांबवला गेला. घरातल्या खणाला ते नकोच. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या पाण्यात ओली फळी बुडवून ठेवण्याची साधी रीत आंब्याला आणि निंबाच्या पांढऱ्या भागाला पुरते.

खोक्यांच्या लायकीची म्हटलेली सालई आणि सावर यांची कहाणी तर अधिकच रंजक आहे. सातपुड्यातल्या सालईचा लगदा करून नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. पंडित नेहरूंनी एप्रिल १९५६ मध्ये तो कारखाना देशाला अर्पण केला. टेबलाच्या खणात अंथरलेले जुने वर्तमानपत्र अशा रीतीने कित्येकदा सालईचेच असे. काटेसावर गेली काडेपेटीत. स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये भारतात सुरू केलेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, एक कारखाना अंबरनाथला होता. काड्या आणि पेटी दोन्ही हलक्या लाकडाच्या, पेटी तर कागदाइतक्या पातळ फळीची. घराघरात असलेला सर्वांत लहान सरकता खण हाच होता, आणि तो सर्वांत स्वस्त लाकडाचा होता. याच विमकोने पुढे, १९८०च्या दशकात, काडेपेटीच्या लाकडासाठी उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांना पॉपलर लावायला दिला. काडेपेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या, पण शेतातला पॉपलर राहिला आणि यमुनानगरच्या प्लायवूड गिरण्यांनी तो उचलला.

प्लायवूडही भारतात आधी खोक्यासाठीच आले. आसामच्या चहाला हलकी, घट्ट खोकी हवी होती. घरातल्या फर्निचरपर्यंत ते पोहोचायला बराच काळ लागला. दरम्यान मध्यमवर्गाच्या घरात लोखंडी कपाट शिरले होते. गोदरेजने १९२३ मध्ये ते बनवायला सुरुवात केली होती. लाकडी खणाची जागा लोखंडी खणाने घेतली तेव्हा सुताराकडे उरली ती देवदारी खोक्यांची फळी. आयात मालाबरोबर आलेली खोकी फोडून त्यांच्या फळ्यांतून खणांचे तळ केले जात. मुंबई-पुण्याच्या जुन्या टेबलांचे खण उलटे केले तर कधीकधी त्या फळीवर व्यापाऱ्याचा छाप अजून वाचता येतो.

१९९०च्या दशकाने सगळे बदलून टाकले. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला होता. १९९३ पासून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले आणि ही बंदी २०२० मध्येच उठली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात मान्य कार्ययोजनेशिवाय जंगलतोड थांबवणारा आदेश दिला. विनापरवाना आरामशिनी बंद पडल्या, नवीन परवाना मिळणे कठीण झाले. जंगलाच्या दृष्टीने हा आदेश योग्यच होता. त्याचा एक परिणाम मात्र कमी बोलला जातो. गावाजवळची छोटी आरामशीन बंद झाली की बांधावरचा निंब किंवा परसातली शिवण चिरून घ्यायची सोय संपते. झाड असते, सुतार असतो, पण मधला दुवा तुटतो. मग झाड जळणाला जाते आणि सुतार हार्डवेअरच्या दुकानात प्लाय घ्यायला जातो.

आज विदर्भातल्या ले-आउटमधल्या घरात खणासाठी जे स्वस्त लाकूड येते ते बहुधा दूरचे असते. प्लायच्या पोटात हरियाणा-पंजाबच्या शेतातला पॉपलर आणि निलगिरी, नाहीतर केरळचे रबराचे झाड. पाइनच्या फळ्या न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या गिरण्यांत चिरलेल्या. त्याहून स्वस्त हवे असेल तर भुशाचा पार्टिकल बोर्ड, वर सनमायका. त्याच वेळी बल्लारशाहच्या आगारातला साग मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाला.

प्लायला नावे ठेवण्याचे कारण नाही. आडव्या-उभ्या थरांमुळे ते फारसे फुगत-आकसत नाही, आणि खणाच्या तळाला सहा मिलिमीटरच्या चांगल्या प्लायइतके योग्य दुसरे काही नाही. आयएस ३०३चा शिक्का पाहून ते घ्यावे. पार्टिकल बोर्डाचे तसे नाही. स्वयंपाकघरात पाणी लागले की त्याची कड फुगते, चॅनेलचा स्क्रू सुटतो आणि पुन्हा धरत नाही. पाच-सात वर्षांत टाकावा लागणारा खण स्वस्त म्हणता येत नाही.

बाजूंसाठी अजूनही स्थानिक लाकूडच सरस आहे. शिवण मिळत असेल तर दुसरा विचार करू नये. ती लवकर वाढते आणि शेताच्या बांधावर लावता येते. ती नसेल तर लाल गाभ्याचा कडुनिंब, तोही नसेल तर टाकणखारात बुडवून घेतलेला आंबा. फळी पाऊण इंचाहून जाड नको. चिरल्यावर ती एक अख्खा उन्हाळा सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवलेली असावी. खण पावसाळ्याआधी बसवायचा असेल तर वर फुगायला जागा सोडावी, तळाची फळी खिळ्याने न ठोकता खाचेत मोकळी सरकवावी. समोरची पट्टी सागाची करायची हौस जरूर भागवावी. तिथे तो दिसतो आणि थोडाच लागतो.

आणि घरात आजोबांचे जुने टेबल असेल तर ते भंगारात देण्यापूर्वी एखाद्या वयस्क सुताराला खण उलटा करून दाखवावा आणि तो सांगेल ते झाडाचे नाव तळाशी लिहून ठेवावे. वर्धा जिल्ह्यात कोणत्या काळात कोणते लाकूड सामान्य माणसाच्या आवाक्यात होते, याची बहुतेक नोंद अशा खणांतच उरली आहे.